तलावाच्या पारीवरून मागे

दिघोरीत उतरा. लाखांदूर तालुक्यातलं धानाचं गाव. पावसानं दडी मारलीय, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पिवळे पडताहेत आणि रोवणी अडलीय. अशा वेळी भंडाऱ्याचा माणूस आभाळाकडे बघतो, मग तलावाकडे. तुम्हीही पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चढा. आता तिथून काळात मागे चला.

अठराव्या शतकाची सुरुवात. सात बहिणींच्या डोंगरांत कोलू पाटील कोहळी नवेगावचा बांध घालताहेत. तुमच्या डोक्यावर मातीची टोपली आहे. टाकलेली माती पायांनी तुडवायची, दबली की पुढचा थर. पाण्याचा उतार कोहळी समाजातले जाणकार नजरेनंच हेरतात. तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, कुठं ठेवायचं आणि जादा पाणी कुठून काढून द्यायचं, हे पार उभी राहण्याआधीच ठरलेलं असतं. पुढे लोक कोलू पाटलांना कोलासूर म्हणून पुजतील. पण तो काळ सोन्याचा होता असं समजू नका. तुमच्या डोक्यावरची टोपली वेठीचीही असू शकते. पाणी आधी गावच्या पाटलाच्या उसाला जाईल, आणि मासे धरणारा ढिवर पंगतीत शेवटी बसेल. तरीही पार फुटली तर गाव धावतं, कारण त्या पाण्यावर गावाचं पोट आहे.

पुढे या. 31 मार्च 1951. भंडारा अजून मध्य प्रदेशात आहे. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली आणि तलाव सरकारचे झाले. जमीनदारी गेली हे योग्यच झालं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तलावाची मालकी सरकारकडे जाताना त्याची राखण कुणाकडे जाणार, हे कुणी नीट ठरवलं नाही. 1962मध्ये जिल्हा परिषदा आल्या, लहान तलाव त्यांच्याकडे गेले. तुडुम गळू लागलं तर आता गावकरी अर्ज लिहितो आणि वाट बघतो. तलावाचं नावही ‘माजी मालगुजारी’ पडलं, मामा तलाव. गाळ साचत गेला. काठावर बेशरमची झुडपं फोफावली.

आता शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावकडे या. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासोबत ढिवर बाया-माणसं तलावात उतरली आहेत. बेशरम मुळासकट उपटायची, उन्हाळ्यात कोरडा पडलेला तळ नांगरायचा, मग त्यात चिला, देवधान अशा पाणवनस्पती लावायच्या. कुठली वनस्पती किती पाण्यात वाढते आणि कुठला मासा तिच्या आडोशाला अंडी घालतो, हे या ढिवर बायांना ठाऊक आहे. नुसता जेसीबी लावून गाळ उपसला तर खड्डा होईल, तलाव होणार नाही. मासे परतले ते या ज्ञानामुळे.

पण इतरत्र लोकसहभाग म्हणजे श्रमदानाचा फोटो, अशी समजूत झाली आहे. लोकांनी घमेली उचलायची आणि निर्णय कार्यालयात व्हायचे, त्याला सहभाग म्हणता येत नाही. ती जुन्या वेठीचीच सुधारलेली आवृत्ती आहे. ज्याचं पोट तलावावर आहे, त्याला तलावाबद्दल बोलण्याचा हक्क हवा, आणि त्यात बायांचा हक्क आधी.

तुमच्या गावच्या ग्रामसभेत तलावाचा विषय निघेल त्या दिवशी जा. ढिवरांच्या घरची बाई मागे बसलेली असेल, तिला पुढे बोलवा. अंदाजपत्रकावर सह्या होण्याआधी तिचं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्या.