दप्तर, मुखत्यारपत्र आणि साधनकेंद्र

लोकांनी आपण होऊन उभारलेल्या लहान लहान संस्थांना माहिती, कायद्याचा सल्ला व कागदपत्रे पुरवून त्यांस बळकटी आणणारे एखादे केंद्र असावे, ही कल्पना अलीकडे ‘संसाधन केंद्र’ ह्या नावाने मांडली जाते. मुळशी तालुक्यातील रिहे येथे असे केंद्र काढावयाचे ठरविले, तर त्याने नेमके काय करावे? ह्या प्रश्नाचे उत्तर परदेशातील नमुन्यांत शोधण्यापूर्वी पुणे प्रांताच्या इतिहासाकडे पाहणे युक्त होईल. कारण ही कल्पना येथे नवी नाही, आणि तिच्या अभावी काय घडते ह्याचा अनुभवही ह्याच तालुक्याने घेतलेला आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. ‘संसाधन’ हा शब्द सरकारी परिभाषेतून आलेला असून त्यात पैसा, माणसे, पाणी, खनिजे ह्या सर्वांचा समावेश होतो. ‘साधन’ ह्या शब्दाला मात्र मराठीत एक निराळा व अधिक मोलाचा अर्थ प्राप्त झालेला आहे. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हापासून साधन म्हणजे अस्सल कागद असे समीकरण अभ्यासकांच्या मनात रूढ झाले. गावकऱ्यांच्या भाषेत ह्याच वस्तूला ‘दप्तर’ म्हणतात. फारसीतून आलेला हा शब्द कागदांचा गठ्ठाही दाखवितो आणि तो जेथे ठेवला जातो ती कचेरीही दाखवितो. कागद आणि कचेरी ह्यांत भेद न करणारा हा शब्द आमच्या विषयास फार सोयीचा आहे.

आता पुणे सार्वजनिक सभेकडे वळू. २ एप्रिल १८७० रोजी ती स्थापन झाली, त्यास निमित्त झाले ते पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींचे. देवस्थानाच्या ‘संस्थाना’तून आधुनिक ‘संस्था’ जन्मास यावी, हा भाषेच्या अभ्यासकास मोठा मौजेचा योग वाटतो. संस्कृतात ‘सार्वजनिक’ म्हणजे सर्व जनांस हितावह. सभेने त्या शब्दास आणखी एक अर्थ जोडला: सर्व जनांच्या वतीने बोलणारा. हा अर्थ केवळ नावात राहू नये म्हणून सभेने एक नियम केला. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. आरंभीचे ९५ सभासद अशा रीतीने सुमारे ६,००० लोकांचे मुखत्यार होते. मतदानाचा हक्क कोणास ठाऊक नसलेल्या काळात गणेश वासुदेव जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोर्टातील एक साधा दस्तऐवज उचलून त्यापासून प्रतिनिधित्वाची रीत तयार केली, ही गोष्ट आमच्या राजकीय इतिहासात जितकी नोंदली जावयास हवी होती तितकी नोंदली गेली नाही. लोकांनी जोशांना ‘सार्वजनिक काका’ म्हटले, ते उगाच नव्हे.

१८७१ मध्ये न्या. रानडे पुण्यास आले आणि सभेच्या कामास अभ्यासाची जोड मिळाली. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून हकीकती गोळा करून त्या सरकारपुढे एकामागून एक मांडल्या. जुलै १८७८ पासून तिचे त्रैमासिक निघू लागले. १८८७ मध्ये त्याचे संपादन तरुण गोखल्यांकडे आले. माहिती गोळा करणे, ती पडताळणे, जपणे आणि वेळ येताच वापरणे ही सर्व अंगे येथे आढळतात. आजच्या भाषेत हे संसाधन केंद्रच होय. परंतु ह्या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती. मुखत्यारपत्रावर सही करणारा मराठी बोलणारा, आणि त्याच्या वतीने लिहिलेले त्रैमासिक मात्र इंग्रजीत. ते सरकारास उद्देशून असल्यामुळे तसे होणे क्रमप्राप्त होते, हे मान्य करूनही म्हणावे लागते की माहितीचा प्रवाह गावाकडून शहराकडे, शहराकडून मुंबईकडे असा एकाच दिशेने वाहत होता. गावाकडे परत काय येत असे?

ह्याचे उत्तर १८९६-९७ च्या दुष्काळात मिळाले. १८९५ मध्ये सभा टिळकपक्षाच्या हाती गेली होती आणि रानडे-गोखले ह्यांनी १८९६ मध्ये निराळी डेक्कन सभा स्थापन केली होती. त्या दुहीची चर्चा पुष्कळ झालेली आहे. तिचा येथे विस्तार नको. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की, सभेने दुष्काळाच्या सरकारी नियमावलीचे मराठीकरण करून ते शेतकऱ्यांत वाटले, आणि पीक बुडाल्यास साऱ्याची सूट वा तहकुबी मागण्याचा अधिकार सरकारच्याच नियमांनी दिलेला आहे, हे प्रचारक पाठवून गावोगाव सांगितले. ह्यात नवा कायदा कोठेच नव्हता. होता तो जुनाच. फक्त तो ज्यांच्यासाठी केला होता त्यांच्या भाषेत आला. सरकारने मार्च १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली, म्हणजे सार्वजनिक प्रश्नांवर सरकारशी लिहिण्याबोलण्याचा तिचा अधिकार नाकारला. इंग्रजी त्रैमासिकाची सरकारने वर्षानुवर्षे पोच दिली होती. मराठी पत्रके त्यास सोसली नाहीत. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

ह्यानंतर पंचवीस वर्षेही झाली नाहीत तोच मुळशीचा प्रसंग आला. टाटांच्या वीजयोजनेसाठी मुळा-निळेच्या खोऱ्यात धरण बांधावयाचे ठरले आणि जमिनी घेण्यासाठी १८९४ चा भूसंपादनाचा कायदा लावण्यात आला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आणि हजारो मावळे त्यात उतरले. काम काही महिने थांबले, पुन्हा सुरू झाले, आणि अखेर गावे पाण्याखाली गेलीच. सत्याग्रहाच्या शौर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रा. राजेंद्र व्होरा ह्यांनी मात्र त्यामागील जमीनधारणेचा शोध घेतला, आणि त्यातून जे दिसते ते अधिक बोचणारे आहे. खोऱ्यातील बऱ्याच जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कसणारा एक, कागदावरील मालक दुसरा. आरंभी दोघेही विरोधात होते. पण मालकास चांगला मोबदला मिळाला तर चालण्यासारखे होते, आणि कुळाला जमीनच हवी होती. मुळशीच्या वतीने बोलावयाचे कोणी, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. पन्नास सह्यांच्या मुखत्यारपत्राने १८७० मध्ये ज्याचे निदान उत्तर देण्याचा यत्न केला होता, तोच हा प्रश्न.

कुळाजवळ दप्तर असते तर धरण थांबले असते, असे आम्ही म्हणत नाही. सरकार आणि भांडवल एकत्र आल्यावर कागदाचे बळ किती चालते ह्याविषयी भाबडेपणा नसावा. परंतु कोणाचे हित कोठे आहे हे आधी कळले असते, आणि तडजोडीच्या वेळी कसणाऱ्याचा आवाज मालकाच्या आवाजात मिसळून गेला नसता, एवढे मानण्यास आधार आहे.

आजचे रिहे त्या जलाशयात बुडालेल्या गावांपैकी नव्हे. पण तालुका तोच. हिंजवडीची संगणक-नगरी ह्याच तालुक्यात आहे आणि जमिनीचे व्यवहार पुन्हा जोरात आहेत. अशा गावांतून बचत गट, दूध संस्था, देवस्थानचे विश्वस्त, तरुण मंडळे असतात. ह्या लहान संस्था बहुधा मोठ्या अन्यायाने मरत नाहीत. त्या कागदाने मरतात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांच्या आत तो बदल कळवावयाचा असतो. कळविला नाही, की जुन्या मृत विश्वस्ताचे नाव नोंदीत राहते. मग बँक अडते, आणि वादाच्या वेळी संस्था कोणाची हेच ठरत नाही. उलट पक्षी, २००५ च्या माहितीच्या अधिकाराने आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याने १९२१ च्या शेतकऱ्यास स्वप्नातही न दिसलेले हक्क दिले आहेत. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर ज्यांची जमीन घेतली जाते अशा बाधित कुटुंबांपैकी ऐंशी टक्के कुटुंबांची आगाऊ संमती आता लागते, आणि ह्या संमतीच्या मोजणीत नसली तरी कसणाऱ्या कुळाचीही बाधित कुटुंबांत गणना होते. ती संमती कोण मोजतो आणि कोणाच्या यादीवरून मोजतो, हे पाहण्यास गावाजवळ स्वतःची यादी हवी.

तेव्हा रिहे येथील केंद्रात प्रशिक्षणाची दालने आणि प्रक्षेपक नंतर आले तरी चालतील. प्रथम एक कोरडी खोली, एक लोखंडी कपाट आणि मोडी व टंकलिखित दोन्ही कागद वाचू शकणारा एक लेखनिक एवढे असावे. कपाटात गावातील प्रत्येक संस्थेची घटना, ठरावांच्या नकला, हिशेबपत्रके, सातबाराचे उतारे आणि कुळांच्या नोंदी. आणि जो कायदा गावास लागू होतो त्याचा, कचेरीच्या मराठीत नव्हे, तर सभेत मोठ्याने वाचून दाखविता येईल अशा मराठीत केलेला गोषवारा. कपाटाची किल्ली कोणाकडे असावी हे संस्थांनी आपसात, सह्यांनिशी ठरवावे. पाटीवर ‘संसाधन केंद्र’ लिहावे असा आग्रह धरणारे भेटतीलच. ‘दप्तर’ लिहिले तर गावात कोणी अर्थ विचारणार नाही.