खिट्टी, दातेरी चाक आणि उष्मागतिकीचा दुसरा नियम

घड्याळाला किल्ली देताना ऐकू येणारी कटकट ही दातेरी चाकावर पडणाऱ्या खिट्टीची असते. चाक एका अंगाने फिरते, उलट फिरू लागताच खिट्टी त्याला अडवते. ही रचना रेणूंच्या मापाची केली, तर हवेतील रेणूंचे दिशाहीन धक्के खाऊन ती आपसूक एकाच दिशेने फिरेल काय? फिरली, तर उष्मागतिकीचा दुसरा नियमच निकालात निघेल.

१९१२ साली म्युन्स्टर येथील व्याख्यानात मारियान स्मोलुकोव्स्की यांनी या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी दिले. त्यांचा युक्तिवाद आम्हांला आजही विलक्षण साधा वाटतो. खिट्टी त्याच हवेत आहे. तीही थरथरते, अवेळी उचलली जाते, आणि चाक सरासरीने जितके पुढे जाते तितकेच मागे घसरते. पाच वर्षांनी, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, स्मोलुकोव्स्की आमांशाने वारले. पुढे यंत्राला प्रसिद्धी मिळाली ती रिचर्ड फाइनमन यांच्या १९६०च्या दशकारंभीच्या व्याख्यानांमुळे. फाइनमन यांनी चाक आणि पाती यांना निरनिराळी तापमाने दिली व कार्यक्षमता कार्नोच्या कमाल मर्यादेपर्यंत पोचते असे प्रतिपादले. मोठ्या माणसाचे हे गणित १९९६ साली पारोंदो व एस्पान्योल यांनी चुकीचे ठरवले: एकच चाक एकाच वेळी दोन्ही तापमानांशी जोडलेले असल्याने उष्णता सतत झिरपत राहते.

खरे वळण मात्र १९९३चे. मार्सेलो मॅग्नास्को यांनी खिट्टी काढूनच टाकली. करवतीच्या दात्यांसारखी, एका बाजूस उभी व दुसऱ्या बाजूस सौम्य चढणींची ओळ घ्यावी, तीत कण ठेवावा आणि ती ओळ ठरावीक कालाने डावी-उजवीकडे सारखीच कलती करावी. बलाची सरासरी शून्य. तरीही कण सरकतो, कारण तेवढ्याच जोराने सौम्य चढण पार होते, उभी होत नाही. नियम अबाधित राहतो, कारण हलवणारा बाहेरून ऊर्जा पुरवीत असतो. स्मोलुकोव्स्कींचा नकार समतोलापुरताच होता, हे येथे ध्यानी येते.

१९९४ साली रूसले, सालोम, अजदारी व प्रोस्त यांनी पाण्यातील सूक्ष्म कणांवर असे दातेरी विद्युत्क्षेत्र आलटून पालटून चालू-बंद करून कण एकाच दिशेने जाताना दाखवले. गंमत अशी की, क्षेत्र मिटवल्यावर मोकळा कण जवळचे शिखर ओलांडतो, आणि जवळचे शिखर असते उभ्या बाजूचे. म्हणजे दाते तेच, पण हळूहळू कलते केले तर कण एकीकडे जातो, चालू-बंद केले तर नेमका उलट दिशेस.