वेढ्याचे गणित : थाळनेर, असीरगड आणि ऑनलाइन खेळ

हजारो खेळाडूंच्या ऑनलाइन खेळांत वेढ्याचे डावपेच संख्याबळावर ठरतात. खानदेशच्या इतिहासातही हेच गणित आढळते.

थाळनेर (ता. शिरपूर, जि. धुळे) : तापीकाठच्या या किल्ल्यात १८१८ मध्ये सुमारे ३०० जणांचीच शिबंदी होती. त्यामुळे सर थॉमस हिस्लॉप यांच्या फौजेला दीर्घ वेढ्याची गरज भासली नाही. २७ फेब्रुवारीला तोफा डागून दरवाजांवर थेट चाल झाली आणि त्याच दिवशी किल्ला पडला. दरवाजात इंग्रज अधिकारी मारले गेल्यावर शिबंदीची कत्तल झाली. किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी देण्यात आली.

असीरगड (आता मध्य प्रदेशात) : अकबराने १६०० मध्ये वेढा घातला, तेव्हा बहादूरशहा फारुकीने हजारो माणसे व जनावरे गडावर घेतली होती. चढाई अवघड असल्याने मोगलांनी वाटा रोखल्या. गर्दीतून रोगराई पसरली आणि जानेवारी १६०१ मध्ये गड मोगलांच्या हाती गेला. त्यामागे फितुरी होती, असेही सांगितले जाते.

ऑनलाइन खेळ : ‘ईव्ह ऑनलाइन’मधील जानेवारी २०१४ च्या लढाईत ७,५०० हून अधिक खेळाडू उतरले. सर्व्हरवरील ताणामुळे खेळातील काळ मूळ गतीच्या १० टक्क्यांवर आला. साहजिकच दूरच्या तुकड्यांना मदतीस पोहोचण्यास अवधी मिळाला व लढाई सुमारे २१ तास लांबली.

साम्य इथेच संपते. खेळात जहाज नष्ट झाले तरी खेळाडू पुन्हा उभा राहतो. थाळनेरच्या शिबंदीला ती सोय नव्हती.