बीट कुणाची? एका जोडीच्या अल्बमचा इतिहास

बोदलकसाचा तलाव आपण सगळे पाणी पाहायला जातो. पाणी अडवून धरणारी पाळ मात्र फारसं कुणी पाहत नाही. हा तलाव १९१७ साली पूर्ण झाला, म्हणजे शंभरावर वर्षं ती पाळ काम करते आहे. आजचा आपला विषय गाण्यातल्या अशाच पाळीचा आहे. हिप-हॉपमध्ये शब्दांच्या खाली जे वाजतं त्याला बीट म्हणतात आणि ते घडवणाऱ्याला प्रोड्यूसर. सिनेमातला निर्माता पैसे घालतो, हा तो नव्हे. हा संगीत रचतो.

सुरुवात बघू. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्राँक्स. डीजे कूल हर्क दोन तबकड्या वापरून गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा लांबवत होता. म्हणजे आधी ताल आला, रॅपर मागून आला. १९८७ सालच्या ‘पेड इन फुल’ या अल्बमवरही नाव आहे ‘एरिक बी. अँड राकिम’, वाजवणारा आधी आणि बोलणारा नंतर. पुढे चित्र पालटलं. १९९४ च्या ‘इलमॅटिक’वर नाव एकट्या नासचं, संगीत मात्र अनेकांचं. अल्बम उत्तमच आहे, पण तेव्हापासून अनेकांकडून बीट घ्यायची रीत रुळत गेली आणि प्रोड्यूसर बारीक अक्षरांत गेला.

आता आपल्याकडे येऊ. २०१५ साली मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझीचं ‘मेरे गली में’ गाजलं. त्याची बीट दिल्लीच्या सेझ ऑन द बीटची. गाणारे घरोघर पोचले, २०१९ मध्ये ‘गली बॉय’ सिनेमा आला. सेझचं नाव किती जणांना ठाऊक झालं? याच सेझनं २०१७ मध्ये प्रभ दीपचा ‘क्लास-सिख’ हा पंजाबी अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्यानं घडवला. तो आझादी रेकॉर्ड्स या स्वतंत्र कंपनीनं काढला. पाठोपाठ २०१८ मध्ये सीधे मौतबरोबर ‘बयान’ आला. सिनेमाचा आधार नाही, तरी अल्बम टिकले. का? एकच हात सगळीकडे फिरला की आवाजाला गाव मिळतं. सुटी गाणी गोळा केलीत असं वाटत नाही, एक सलग गोष्ट ऐकल्यासारखं वाटतं.

हे आपल्याला परकं नाही. दिवाळीनंतर मंडई भरते, रात्री दंडार उभी राहते. ढोलकीवाल्यानं लय ओढली की नाचणारा वळतो, लय तोडली की थांबतो. दोघांची वर्षानुवर्षांची जोडी असते. पण सकाळी गावात चर्चा होते ती नाच्याची, सोंगाची. ढोलकीवाल्याचं नाव पुढच्या पिढीपर्यंत पोचत नाही.

आज आपली पोरं मोबाइलवर झाडीबोलीत रॅप करू शकतात. पण बीट कुठून येते? बहुतेकदा इंटरनेटवरून उतरवलेली. बोली झाडीची आणि ताल कुणाचा तरी, बिननावाचा! त्यात कायद्याचीही बाजू आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं संगीतरचनेचा कर्ता म्हणजे संगीतकार. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकारासोबत त्यालाही रॉयल्टीच्या वाट्याचं संरक्षण मिळालं. पण नावच नोंदलं नाही, तर वाटा मागणार कोण आणि कशाच्या आधारावर?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. झाडीपट्टीतला अल्बम व्हायचा असेल तर दहा बीट दहा ठिकाणांहून आणू नका. गावातलाच एक वाजवणारा धरा, ढोलकीचा ठेका ध्वनिमुद्रित करा, एक हंगाम त्याच्याबरोबर बसा. आणि मुखपृष्ठावर दोन्ही नावं सारख्याच अक्षरांत छापा. पन्नास वर्षांनी कुणी हा इतिहास सांगायला बसेल, तेव्हा त्याला वाजवणाऱ्याचं नाव शोधत फिरावं लागू नये.