सोलापूरच्या विणकर-कामगार कुटुंबांचा इतिहास : उपयुक्त अभिलेखांचा शोध व त्यांच्या मर्यादा

प्रस्तावना :

कुटुंबाचा इतिहास हा दीर्घकाळ राजघराणी, सरदार घराणी व वतनदार यांच्यापुरता मर्यादित राहिलेला विषय होय. सनदा, महजर, वतनपत्रे व निवाडे यांच्या आधारे अशा घराण्यांच्या वंशावळी सिद्ध झाल्या. सामान्य कुटुंबाची वंशावळ मात्र आजी-आजोबांच्या नावापाशी येऊन थांबते. त्यापलीकडे ‘आपण मूळचे अमुक गावचे’ एवढीच आठवण शिल्लक असते. सोलापूर शहराच्या संदर्भात हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चार भाषा एकत्र नांदणाऱ्या या शहराच्या लोकसंख्येचा मोठा भाग स्थलांतरातून घडला आहे. प्रस्तुत लेखात सोलापूरच्या विणकर व गिरणी कामगार कुटुंबांच्या इतिहासासाठी कोणते अभिलेख उपयुक्त ठरतात, ते कोणत्या हेतूने निर्माण झाले व त्यांच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार केला आहे.

अभिलेखांमागील हेतू :

कुटुंबाचा इतिहास लिहिला जावा म्हणून कोणत्याही शासनाने दप्तर ठेवलेले नाही. सारा वसूल करण्यासाठी जमिनीची, रोगराईवर लक्ष ठेवण्यासाठी जन्म-मृत्यूची, पट्टी आकारण्यासाठी घराची व मजुरी देण्यासाठी कामगाराची नोंद झाली. त्यामुळे ‘कुटुंबाची माहिती कोठे मिळेल?’ या प्रश्नापेक्षा ‘या कुटुंबाचा कोणत्या कचेरीशी, कोणत्या कारणाने संबंध आला असेल?’ हा प्रश्न संशोधकाने प्रथम विचारावयास हवा. ज्याच्याकडे जमीन, त्याची नोंद अधिक. ज्याच्याकडे केवळ हातमाग व हात, त्याची नोंद अल्प व विखुरलेली, ही विषमता दप्तरांच्या मांडणीतच आहे.

या संदर्भात जनगणनेविषयीचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये १९२१ च्या जनगणनेची कुटुंबवार पत्रके शंभर वर्षांनंतर, २०२२ मध्ये, अभ्यासकांसाठी खुली झाली. भारतात १८७२ पासून जनगणनेची परंपरा असली, तरी प्रसिद्ध होतात ते एकत्रित आकडे. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तिगत माहिती गोपनीय आहे. त्यामुळे पाश्चात्त्य देशांत वंशशोधाचा जो राजमार्ग मानला जातो, तो येथे उपलब्ध नाही. येथे अनेक लहान पाऊलवाटा जोडूनच पुढे जावे लागते.

स्थलांतराची पार्श्वभूमी :

सोलापूर हे हातमागाचे जुने केंद्र होय. १८६० मध्ये येथे रेल्वे आली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनची ग्रामीण अर्थव्यवस्था मोडकळीस आणली. त्याच सुमारास सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजेच लोकांच्या तोंडी रूढ असलेली ‘जुनी मिल’, सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू व जाम या गिरण्या उभ्या राहिल्या. तत्कालीन निजाम राज्यातील तेलंगण भागातून पद्मशाली विणकर मोठ्या संख्येने सोलापुरात आले व शहराच्या पूर्व भागात स्थिरावले. डग्लस हेन्स यांनी पश्चिम भारतातील लहान शहरांच्या भांडवलशाहीवर २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व धनंजयराव गाडगीळ यांच्या सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक अभ्यासात (१९६५) या विणकरांचे आर्थिक चित्र आढळते. समूहाचा इतिहास अशा ग्रंथांतून समजतो; विशिष्ट कुटुंबासाठी मात्र दप्तरांकडेच वळावे लागते.

जमीनधारक कुटुंबांची साधने :

तुलनेसाठी जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांची साधने प्रथम पाहणे उचित ठरेल. एकोणिसाव्या शतकातील पाहणी व जमाबंदीची कागदपत्रे, १९०३ च्या कायद्यानंतर सुरू झालेली हक्कनोंद, फेरफार नोंदी, सातबारा उतारे, कुळांच्या नोंदी यांतून तीन-चार पिढ्यांचा वारसाक्रम बहुधा लागतो. खातेदार मृत झाला की वारसांची नावे फेरफारात येतात; साहजिकच भाऊ, मुले, विधवा यांचे परस्परसंबंध स्पष्ट होतात. गाव नमुना नंबर १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. ग्रामीण भागात ‘कोतवाल बुक’ या नावाने ती परिचित आहे. वतनाच्या वादांत दाखल झालेल्या वंशावळी तर सात-आठ पिढ्यांपर्यंत जातात. इनाम व वतनविषयक जुनी कागदपत्रे पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. त्यांपैकी बरीचशी मोडी लिपीत असल्याने मोडीचे ज्ञान अपरिहार्य ठरते.

येथे जिल्ह्याच्या राजकीय भूगोलाचे भान ठेवावे लागते. आजचा सोलापूर जिल्हा एकाच राजवटीखाली नव्हता. पंढरपूर, सांगोला हा भाग १८४८ पर्यंत सातारा राज्यात होता; मंगळवेढा सांगली संस्थानात होते; अक्कलकोट हे स्वतंत्र संस्थान होते व १९४८ च्या सुमारास ती विलीन झाली. गाव कोणत्या काळी कोणाच्या अमलाखाली होते, हे निश्चित केल्याशिवाय दप्तर कोठे शोधावे हेच ठरत नाही.

नगरपालिका व शाळांची दप्तरे :

तेलंगणातून आलेल्या विणकराच्या नावे सोलापुरात शेतजमीन नव्हती. फेरफार नव्हता, वतन तर नव्हतेच. त्याची पहिली नोंद होण्याची शक्यता नगरपालिकेत. १ मे १९६४ रोजी महानगरपालिका अस्तित्वात येण्यापूर्वी दीर्घकाळ येथे नगरपालिका होती. तिच्या जन्म-मृत्यू नोंदवह्या हे शहरी कुटुंबाचे सर्वांत महत्त्वाचे साधन होय. जन्मनोंदीत बाळाचे नाव पुष्कळदा नसते. ‘मुलगा’ अथवा ‘मुलगी’ एवढीच नोंद असते. त्यामुळे वडिलांचे नाव व पेठ यांवरून शोध घ्यावा लागतो. घरपट्टीच्या कर आकारणी नोंदवहीत मालकाबरोबर भोगवटादाराचेही नाव येते. भाड्याच्या घरात माग लावून बसलेला विणकर तेथे सापडू शकतो. नगर भूमापनाच्या मिळकत पत्रिका व चौकशी नोंदवह्या ज्यांनी पुढे स्वतःचे घर घेतले त्यांच्यासाठी उपयुक्त आहेत.

दुसरे साधन म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. त्यात विद्यार्थ्याचे व पालकाचे नाव, जात, जन्मस्थळ, पूर्वीची शाळा व शाळा सोडल्याचे कारण नोंदलेले असते. सोलापुरात मराठीबरोबरच तेलुगू, कन्नड व उर्दू माध्यमाच्या शाळा चालत आल्या असल्याने शोध एका माध्यमापुरता ठेवून भागत नाही. जन्मतारखेविषयी मात्र सावधगिरी हवी. महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या असंख्य व्यक्तींची जन्मतारीख ‘१ जून’ आढळते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने लावलेली ती तारीख असते.

गिरणीची कागदपत्रे :

कामगाराचे हजेरीपट व पगारपत्रके ही वरवर रुक्ष साधने आहेत. त्यांतून नाव, खाते व नोकरीचा काळ समजतो. कुटुंब समजत नाही. कुटुंब दिसते ते अपघात, मृत्यू व निवृत्तीच्या प्रसंगी. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखालील प्रकरणांत मृत कामगाराच्या अवलंबितांची नावे येतात. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याच्या कक्षेत कापड उद्योग आरंभापासूनच होता. त्यासाठी भरलेल्या नामनिर्देशन पत्रात वारसाचे नाव, वय व नाते कामगाराने स्वतः सांगितलेले असते. भूमिहीन कुटुंबाच्या दृष्टीने हे पत्र फेरफाराच्या तोडीचे मानावे लागेल.

परंतु हीच साधने सर्वाधिक धोक्यात आहेत. जुनी मिल १९४९ मध्ये बंद पडली व जानेवारी १९५० मध्ये केंद्र शासनाने वटहुकमाद्वारे तिचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. त्यातून उद्भवलेला चिरंजितलाल चौधरी विरुद्ध भारत सरकार हा खटला (१९५०) घटनात्मक कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित आहे. भागधारकाचे नाव अशा प्रकारे न्यायनिर्णयांच्या ग्रंथांत कायमचे नोंदले गेले. गिरणीत राबणाऱ्या हजारो हातांची नावे ज्या हजेरीपटांत होती, त्यांच्या जतनाची तशी कोणतीही व्यवस्था नव्हती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रे व जमीन यांचे मूल्यांकन होते. कागदाला किंमत रद्दीची.

स्त्रियांच्या नोंदी :

वंशावळीत स्त्री बहुधा ‘अमक्याची पत्नी’ म्हणून येते व विवाहाबरोबर तिचे माहेरचे नाव लोप पावते. कामगार स्त्रीच्या बाबतीत मात्र काही नोंदी तिच्या स्वतःच्या नावे आढळतात. मुंबई इलाख्यातील १९२९ च्या प्रसूतिलाभ कायद्याखालील अर्ज, १९६६ च्या विडी कामगार कायद्यानंतरची नोंदणी व विडी कामगार कल्याण निधीची ओळखपत्रे ही त्याची उदाहरणे होत. सोलापूरच्या पूर्व भागातील असंख्य घरे विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या कष्टावर उभी राहिली. कुंभारी येथे २००६ मध्ये पूर्ण झालेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरांची लाभार्थी कागदपत्रे उद्याच्या कुटुंब-इतिहासाचे साधन ठरणार आहेत.

वंशावळकार व मौखिक परंपरा :

नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव व आडनावानुसार यजमानांच्या पिढ्यांची नोंद असते. उत्तर कर्नाटक व लगतच्या भागात हेळवी हे परंपरागत वंशावळकार कुटुंबांच्या पिढ्या सांगतात. पद्मशाली समाजात कूनपुली हे पटचित्रांच्या साहाय्याने मार्कंडेय पुराण सांगतात. पण ती समाजाची उत्पत्तिकथा आहे, विशिष्ट घराची वंशावळ नव्हे, हा भेद संशोधकाने लक्षात घ्यावा.

मूळ गाव शोधताना आणखी अडचणी येतात. २०१६ च्या तेलंगणातील जिल्हा पुनर्रचनेत पूर्वीच्या करीमनगर, वरंगळ, नलगोंडा यांसारख्या जिल्ह्यांतून अनेक नवे जिल्हे झाले. विणकरांचे सिरसिल्ला हे आता स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण आहे. निजामकालीन कागद उर्दूत असून कालगणना फसली सनाची आहे. फसली सनात ५९० मिळविल्यास स्थूलमानाने इसवी सन मिळते. तेलुगू पद्धतीत घराण्याचे नाव प्रथम येते, मराठी कारकुनाने ते आडनाव म्हणून शेवटी लिहिले व उच्चाराप्रमाणे त्याची रूपे बदलली. एकाच घरातील दोन भावांच्या आडनावाचे लेखन दोन शाळांत भिन्न असू शकते.

पडताळणीची रीत :

एका काल्पनिक उदाहरणाने ही पद्धत स्पष्ट होईल. एका विणकराच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९३१ व जन्मस्थळ सोलापूर आहे. ही तारीख प्रमाण न मानता १९२८ ते १९३४ या काळातील जन्मनोंदी वडिलांच्या नावाने पाहाव्यात. भावंडांच्या नोंदींवरून पेठ निश्चित झाली की त्या पेठेची घरपट्टीची नोंदवही पाहावी. आजोबांची मृत्युनोंद १९४० ची व वय ‘६०’ असे आढळल्यास त्यांचा जन्म १८८० च्या सुमाराचा ठरतो. म्हणजे दुष्काळात स्थलांतर झाले असल्यास ते पणजोबांच्या पिढीत. येथपर्यंतचे अनुमान आहे, सिद्धता नव्हे. वयाचे आकडे अंदाजाने सांगितले जात, हे विसरून चालणार नाही. किमान दोन स्वतंत्र दप्तरांनी दुजोरा दिल्याशिवाय पिढी जोडू नये, हा नियम पाळणे हिताचे ठरते.

सामाजिक महत्त्व :

हा शोध केवळ हौसेचा नाही. जात प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ व इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा अथवा वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. महाराष्ट्राच्या २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्याने सिद्धतेचे ओझे अर्जदारावर टाकले आहे. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींसाठी महसूल, भूमी अभिलेख, शाळा व जन्म-मृत्यू दप्तरांची राज्यभर तपासणी झाली. शासनाने मनावर घेतल्यास जुने दप्तर उघडता येते, हे त्यातून दिसून आले. मात्र जमिनीच्या कागदावर आधारलेल्या शोधात भूमिहीन, स्थलांतरित कुटुंब मागेच राहते. ज्याच्या आजोबांनी आयुष्यभर माग चालविला, त्याच्या नातवाला प्रवेशाच्या वेळी कागद नाही म्हणून अडावे लागते. कागद नसणे म्हणजे इतिहास नसणे नव्हे; तो इतिहास दुसऱ्या कचेरीत आहे अथवा जतन झालेला नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.

निष्कर्ष :

१) सोलापूरच्या विणकर-कामगार कुटुंबांसाठी महसुली दप्तरापेक्षा नगरपालिका, शाळा, भविष्य निर्वाह निधी व नुकसानभरपाई यांची कागदपत्रे अधिक उपयुक्त ठरतात.

२) कोणतेही एक साधन स्वयंपूर्ण नाही. निर्मितीचा हेतू, भाषा, लिपी व कालगणना तपासून साधने परस्परांशी ताडून पाहणे आवश्यक आहे.

३) कामगार स्त्रियांच्या नावे असलेली कागदपत्रे वंशावळीतील मोठी पोकळी भरून काढू शकतात.

४) गिरण्या, सहकारी संस्था व कामगार संघटना यांच्या उरलेल्या दप्तरांची सूची करण्याचे काम विद्यापीठ व महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी तातडीने हाती घ्यावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी स्वतःच्या कुटुंबाचा तीन पिढ्यांचा साधार इतिहास लिहावयास दिल्यास दप्तरांची ओळख व जतन ही दोन्ही कामे साधतील. ज्या पिढीला मूळ गावाचे नाव, घराण्याचे मूळ तेलुगू नाव व गिरणीतील खाते अजून आठवते, ती पिढी आता थकली आहे. म्हणून तोंडी माहितीची नोंद आधी व दप्तराचा शोध नंतर, हाच क्रम योग्य ठरतो.