पित्ताची गोष्ट : दोष मिरचीचाच होता का?



कशेडी घाटाच्या अल्याड-पल्याड कुठल्याही घरात डोकावा, एखादी तरी बाई छातीवर हात ठेवून म्हणतेच, "पित्त झालंय." मग ओवा चावायचा, कोकमाचं पाणी घ्यायचं, नाहीतर दुकानातून गोळी आणायची. आमच्या गटातल्या एका काकूंनी अशीच वर्षं काढली. शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं, तरी लाजेने बोलल्या नाहीत. एक दिवस घेरी येऊन पडल्या, तेव्हा कळलं की पोटातल्या जखमेतून रक्त जात होतं. म्हणून आज पित्ताचाच इतिहास सांगतो.

हे दुखणं नवं नाही. 'माधवनिदान' या जुन्या वैद्यकग्रंथात अम्लपित्तावर वेगळं प्रकरण आहे. आंबट-कडू ढेकर, मळमळ, छातीत आणि घशात जळजळ, अन्नावरची वासना जाणं, सगळं तिथे लिहिलंय. दासबोध आपल्याच महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत लिहिला गेला असं मानतात. त्यातही देहाच्या दुखण्यांवर अख्खा समास आहे.

पुढे डॉक्टर म्हणू लागले, पोटातली जखम काळजीने आणि तिखटाने होते. 1915 साली अमेरिकेत डॉ. सिप्पी यांनी दर तासाला दूध-साय द्यायची पद्धत सांगितली. आपल्याकडेही "थंड दूध पी, बरं वाटेल" म्हणतातच. दुधाने घटकाभर बरं वाटतं, पण नंतर आम्ल पुन्हा वाढतं. 1970 नंतर आम्ल कमी करणारी औषधं आली. जखम भरायची, गोळी थांबली की पुष्कळांना पुन्हा व्हायची.

खरं कारण ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात सापडलं. रॉबिन वॉरेन यांना रोग्यांच्या जठरात वाकडे जंतू दिसले. 1982 मध्ये बॅरी मार्शल यांच्यासोबत त्यांनी ते प्रयोगशाळेत वाढवले. लोकांना पटेना. तेव्हा 1984 मध्ये मार्शल स्वतःच ते जंतू प्यायले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. 2005 साली दोघांना नोबेल मिळालं. जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी.

म्हणजे काय, तर वर्षानुवर्षं बाईला "तू फार काळजी करतेस, तिखट खातेस" म्हणून गप्प केलं, आणि पुष्कळांच्या पोटात जंतू होता. तो शौचाच्या किंवा श्वासाच्या तपासणीत कळतो. आम्लाची गोळी चालू असेल तर तपासणी चुकू शकते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा. उपचारात जंतूनाशक आणि आम्ल कमी करणारी औषधं साधारण 14 दिवस एकत्र घ्यायची असतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

पण प्रत्येक जळजळ जंतूचीच नसते. अंगदुखीच्या गोळ्यांनीही जठराला जखम होते. मशेरी आणि उपाशीपोटी चहाने काहींचा त्रास वाढतो. काही जणींच्या दुर्बिणीच्या तपासणीत काहीच दिसत नाही. तरी त्यांचं दुखणं खोटं नसतं, त्यालाही औषध आहे.

काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, विनाकारण वजन घटणं, किंवा पन्नाशी-साठीनंतर नव्यानेच सुरू झालेला त्रास, यांतलं काही दिसलं तर ओव्यावर थांबू नका. रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. छातीत दडपण येऊन घाम फुटला तर त्याला पित्त समजू नका, ते हृदयाचं असू शकतं.

काकू आता बऱ्या आहेत. गटाच्या बैठकीत त्याच पहिलं विचारतात, "बायांनो, कुणाला काळं होतंय का? लाजू नका, बोला."