कामशेतचे रियासतकार आणि सालाविना तारखा

नोंदींच्या ढिगातून नेमका मजकूर वेगळा काढायचा, तर तो कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे आधी ठाऊक हवे. १९८७ साली लॅरी वॉल याने घडवलेल्या पर्ल भाषेत लॉग फाइलसाठी हे काम सोपे आहे: आरंभाची खूण, शेवटाची खूण, मध्ये दोन टिंबे. खुणांमधल्या ओळी तेवढ्या हाती येतात.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात हेच काम माणसांनी डोळ्यांनी केले. तेथे मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधलेले होते आणि अभ्यासकांना तेथे सहजी प्रवेश नसे. १९२९ पासून मुंबई सरकारच्या वतीने त्यांतील निवडक कागद वेचण्याची जबाबदारी गोविंद सखाराम सरदेसाई यांनी वाहिली. बडोद्याच्या सेवेतून १९२५ मध्ये निवृत्त झालेले हे रियासतकार मावळात, कामशेतला स्थायिक झाले होते.

मोडीत शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हे जवळजवळ नसतात. तरी पत्राची हद्द कळते. आरंभी ‘विनंती विशेष’, अखेरीस ‘हे विनंती’; आज्ञापत्र असेल तर ‘जाणिजे’ आणि ‘मोर्तबसूद’. पर्लला याहून अधिक काही लागले नसते.

खरी अडचण पुढेच होती. पुष्कळ पत्रांवर ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख, एवढेच, साल नाही. (युनिक्सच्या जुन्या सिसलॉग नोंदींतही महिना, दिवस, वेळ असते आणि साल नसते, हे गमतीचे.) चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने तोच महिना दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतो. त्यामुळे पत्रात पावसाचा उल्लेख आला तर काही वर्षे बाद होतात. वार दिला असेल तर आणखी नेम बसतो, कारण तीच तारीख पुढल्या वर्षी बहुधा चार वार पुढे पडते. बाकी भिस्त मजकुरातील माणसांवर आणि मुक्कामांवर. पानिपतासारख्या प्रकरणात साल चुकले, तर पराभवाची कारणमीमांसाच उलटी होते.

१९३० ते १९३४ या काळात ४५ खंड निघाले. त्यांतील काही तारखा पुढील अभ्यासकांनी दुरुस्त केल्या. खंड विषयवार लावलेले असल्याने पत्र आपल्या रुमालातील शेजाऱ्यांपासून तुटले, आणि साल ठरवायला पुष्कळदा शेजारचा कागदच उपयोगी पडतो. ते रुमाल पुण्याच्या पुराभिलेखागारात अजून आहेत.